साडेत्रेपन्न शेर

हंबीरराव हवालदाराच्या पोराचं वजन साऱ्या बोरवाडीला तोंडपाठ होतं. आता पोर म्हणजे काय हळदीचं पोतं आहे, की त्याचं वजन गावानं ध्यानात ठेवावं? पण बापच पोराला पोत्यासारखं तोलायला लागला तर गावानं तरी काय डोळे मिटून बसायचं? दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, हवालदार आपल्या एकोणीस वर्षांच्या आकारामला घेऊन आदगोंडाच्या वखारीत जायचा. आदगोंडा हा गावातला जैन व्यापारी, हळद-गुळाचा. त्याच्या वखारीत आढ्याला मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात आकाराम मांडी घालून बसायचा, दुसऱ्यात आदगोंडा लोखंडी वजनं चढवायचा, आणि बाजाराला आलेली माणसं हातातल्या पिशव्या खाली ठेवून बघत राहायची.

याचं मूळ होतं तासगावच्या भरतीत. साल त्रेचाळीस, लढाई जोरात. तालुक्यातली निम्मी तरणी पोरं पलटणीत गेली होती आणि उरलेल्यातली बरीच चळवळीपायी पोलिसांना चुकवत उसात लपली होती. हंबीररावाच्या घरात तीन पिढ्या पलटण. तो स्वतः मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, हवालदार होऊन पेन्शनीत निघालेला. त्याच्या पोटी हे आकाराम निघालं: उंचीला ताडमाड, अंगानं काटकी. सातवी पास झालेलं, मास्तरांकडं इंग्रजीही शिकलेलं, अक्षर मोत्यासारखं. शाळेचे मास्तर दोनदा घरी येऊन सांगून गेले की पोराला तासगावच्या शाळेत मास्तरकी मिळतेय, नाही म्हणू नका. हवालदारानं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. माझं पोरगं खडू धरणार, म्हणाला, तर मग बंदूक काय त्याच्या मास्तरानं धरायची?

भरतीला उंची बसली, छाती कशीबशी बसली, पण वजन बारा पौंड कमी भरलं. तेवढंच झालं असतं तरी चाललं असतं. पण भरती करणारा सुभेदार हवालदाराच्या ओळखीचा निघाला आणि चारशे माणसांच्या देखत म्हणाला, “हवालदारसाब, लडका लाए हो या लाठी?” सगळी कचेरी हसली. आकारामही भाबडेपणानं हसला. तिथून बोरवाडीपर्यंत नऊ मैल हवालदार पोराच्या वीस पावलं पुढं चालला. पुढची भरती दोन महिन्यांनी, शिमग्याच्या तोंडावर होती. आदगोंडानं हिशोब करून सांगितलं की एकशे दहा पौंड म्हणजे आपले साडेत्रेपन्न शेर, आणि पोरगं हाय साडेसत्तेचाळीस. सहा शेर कमी.

मग सुरू झाली खुराकी. पहाटे दूध, त्यात कच्ची अंडी, दुपारी तूप, सांजेला मटणाचा रस्सा. आकारामची आई बनुबाई, तिला तर हौसच. घरातली एकुलती दुभती म्हैस एकट्या आकारामच्या नावानं पिळली जायची. पण खाल्लेलं पोराच्या अंगी लागेना. निम्मं तर तो परसात जाऊन ओकून यायचा. तीन आठवड्यांत भरलं अर्धा शेर. बाजारातली पोरं तराजूभोवती खिदळायला लागली आणि हवालदाराचं डोकं फिरलं.

त्याच दिवसांत बिराप्पा धनगराची मेंढरं हवालदाराच्या रानात बसली होती. कवठे महांकाळच्या माळावरनं तो दरसाल यायचा, खतासाठी रानात मेंढरं बसवायचा आणि मिरजेच्या बाजारात चार-दोन विकून परतायचा. हवालदारानं एक गोष्ट हेरली. विकायची जी मेंढरं बिराप्पानं वेगळी बांधली होती, ती चार दिवसांत गरगरीत दिसायला लागली. काल फासळ्या मोजून घ्याव्यात, तर आज पाठीवर हात फिरवावासा वाटावा. हवालदारानं तंबाखूची चंची पुढं केली आणि विचारलं की बाबा, जादू काय?

बिराप्पा मोकळा माणूस. त्यानं घोंगड्याच्या खोळीतनं बोटाएवढी एक काळपट मुळी काढून दाखवली. कडू जहर. दगडावर उगाळून पाण्यातनं पाजली की जनावर पाणी धरून ठेवतं, बाहेर टाकत नाही, अंग भरल्यागत दिसतं आणि बाजारात दोन रुपये जास्त येतात. मात्र लय दिस पाजायची नसती, असंही तो म्हणाला, जनावर आतनं खराब होतं. हवालदारानं विचारलं, बैलाला चालती का? बिराप्पा म्हणाला, चालल की, दोन दिस. आणि मूठभर मुळ्या काढून दिल्या. आठ दिवसांनी त्यानं मेंढरं हाकली आणि तो निघून गेला. त्या मुळ्या कुठल्या बैलाच्या पोटात गेल्या ते त्याला कधी कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, माणूस वेडा होता का? अजिबात नाही. चांगला शहाणा होता, तिथंच तर घात झाला. झाडपाल्याचं कधी कुणाला बाधतं का, असा त्याचा सरळ हिशोब. विलायती गोळी असती तर त्यानं दहादा विचार केला असता. मुळी म्हणजे देवानं मातीत पेरलेलं औषध. मेंढराला एवढी, तर माणसाला तेवढी चालायला काहीच हरकत नाही, उलट माणूस थोरला. आतनं खराब होतं हे बिराप्पाचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, नाही असं नाही. पण ते बोलणं मेंढराबद्दल होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं स्वतः सहाणेवर मुळी उगाळली, पितळेच्या पेल्यात कालवली आणि आकारामला अंगणात उभं केलं. “सावधान. तोंड उघड.” आकारामनं उघडलं. पेला रिकामा झाल्यावर हवालदार म्हणाला, “विश्राम.” पुढं सदतीस दिवस हेच चाललं. एक दिवस खाडा नाही. पलटणीत शिकलेली शिस्त माणसाला जन्मभर सोडत नाही म्हणतात, ती अशी.

पहिल्याच सोमवारी पारडं खाली गेलं. दीड शेर जास्त! बघ्यांनी टाळ्या पिटल्या, आदगोंडानं गुळाचा खडा दिला. दुसऱ्या सोमवारी आणखी एक शेर. पोराचे गाल वर आले, हाताच्या शिरा दिसेनाशा झाल्या. बनुबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि शेजारणीला सांगितलं की आमच्या आकारामनं आता कुठं बाळसं धरलंय. शेजारीण म्हणाली, व्हय बाई, तोंड कसं भाकरीवानी टम्म झालंय. दोघी हसल्या. हवालदार मिशीला पीळ देत गावातनं फिरायला लागला, आणि चावडीवर बसून बसऱ्याच्या गोष्टी पुन्हा पहिल्यापासनं सांगायला लागला.

आकाराम मात्र सुखी नव्हता. सकाळी डोळे उघडायला त्रास व्हायचा, पापण्या जड. जेवण बघितलं की मळमळायचं. अंगाला खाज सुटायची, पण पुरळ काही दिसायचं नाही. जिना चढला की धाप लागायची. आणि लघवीला दिवसातनं एकदाच व्हायचं, तेही थोडं आणि काळ्या चहासारखं. हे त्यानं लाजत लाजत बापाला सांगितलं. बाप म्हणाला, बरंच हाय की, अंगातलं अंगातच ऱ्हातंय. मग आकारामनं मनात बरेच दिवस घोळत असलेलं विचारलं.

“आबा, बिराप्पा मेंढरांना पाजायचा, तीच का ही मुळी?”

“तीच,” हवालदार म्हणाला. “मेंढरं तकरार करत न्हाईत.”

आकाराम बापाच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. मास्तरकीवर त्याचा जीव होता, रात्रंदिवस होता, पण तेही तो बापाला कधी म्हणाला नव्हता. पास झालो की आबा एकदा तरी आपल्या खांद्यावर हात ठेवील, एवढीच त्याची आशा होती. ती आशा वेडगळ होती हे मला कळतं, तुम्हाला कळतं, पण एकोणीस वर्षांच्या पोराला कसं कळावं?

चौथ्या सोमवारी बावन्न शेर भरले. लोक ओरडले. आदगोंडा मात्र हसला नाही. पारड्यातनं उतरताना आकाराम लटपटला, तेव्हा त्यानं त्याचा दंड धरून सावरलं आणि हात काढला, तर दंडावर त्याच्या बोटांच्या खुणा तशाच राहिल्या. आदगोंडानं हवालदाराला बाजूला, पोत्यांच्या थप्पीआड घेतलं. “हवालदार, रागावू नगा. आमची आई ह्याच दुखण्यात गेली. हे मांस न्हवं, पानी हाय. काय पाजताय ते बंद करा, आन् पोराला मिरजंला दावा. माजी गाडी जुपून देतो, आत्ता.”

हवालदारानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. आणि आत बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की गुळाच्या ढेपा तोलणाऱ्यानं माणसाच्या अंगातलं सांगू नये. पलटणीच्या घरात पोर पोसलं तर व्यापाऱ्याच्या पोटात दुखतं. तुझ्या सात पिढ्यांत कुणी तलवार बघितलीया का? आदगोंडा म्हातारा माणूस. त्यानं मान खाली घातली, वजनं उचलून जागेवर ठेवली आणि परत त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

भरतीला पाच दिवस राहिले. हवालदारानं ट्रंकेतल्या आपल्या जुन्या पट्ट्या काढल्या आणि पोराला पिंढऱ्यांवर पट्ट्या कशा गुंडाळायच्या ते शिकवायला बसवलं. अंगणात ऊन पडलं होतं. पट्ट्या घालून झाल्या, सोडून झाल्या. सोडल्यावर हवालदारानं बघितलं, तर पायांवर पट्टीचा वेढा न् वेढा उमटला होता, बोट आत जाईल इतका खोल. त्यानं अंगठा नडगीवर दाबला. अंगठा उचलला. खड्डा तसाच. तो बघत राहिला, खड्डा भरून येईना.

त्याला कळलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं गाव म्हणायला लागलं की बिचाऱ्याला काय माहीत, अडाणी माणूस. त्याला कळलं होतं. बसऱ्याच्या इस्पितळात त्यानं अशी माणसं बघितली होती, पाय केळीच्या खांबासारखे झालेली. आत गेलेल्यातलं चालत बाहेर आलेलं त्याला एकही आठवेना. समोर आकाराम स्टुलावर बसून सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होता आणि विचारत होता की आबा, बरोबर गुंडाळल्या का?

मग हवालदाराला राग आला. कुणावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सुभेदारावर, आदगोंडावर, या पोराच्या नाजूक हाडांवर. अजून अर्धा शेर कमी होता. फक्त पाच दिवस. एकदा पास झालं की पलटणीचे डॉक्टर आहेत, गोरे डॉक्टर, फुकटात बरं करतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीपेक्षा दुप्पट मुळी उगाळली.

भरतीच्या दिवशी गाडी भल्या सकाळी निघाली. निघताना हवालदार हलगीवाल्याला सांगून गेला की सांजेला वेशीत थांबा, गुलाल आणून ठेवा. वाटेत ओढ्याला गाडी सोडून त्यानं पोराचे पाय वर करून ठेवले आणि तेल लावून चोळले, खुणा दिसू नयेत म्हणून. काय विचारलं तर काय सांगायचं तेही पढवलं. आकारामला धाप लागली होती, त्यानं नुसती मान हलवली.

तासगावात कचेरीच्या पटांगणात लंगोटावर रांग उभी होती. काट्यावर आकारामची पाळी आली. कारकून ओरडला, “एकशे चौदा!” हवालदारानं सुभेदाराकडं बघितलं. सुभेदारानं भुवया उंचावून मान डोलावली. दोन महिने ज्याच्यासाठी घालवले तो क्षण एवढाच.

पुढच्या टेबलाशी डॉक्टर होता, पलटणीचा, पण मराठी माणूस. त्यानं आकारामच्या तोंडाकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं. नडगीवर अंगठा दाबला. जवळ जाऊन श्वासाचा वास घेतला. लघवीला कधी झालं होतं, असं विचारलं. आकाराम म्हणाला की काल सकाळधरनं न्हाई. खायला-प्यायला काय घेतोस, कुणी औषध दिलंय का? आकारामनं बापाकडं बघितलं. हवालदारानं डोळे वटारले.

“दूध-तूप, सायेब,” आकाराम म्हणाला.

डॉक्टरनं मग हवालदारालाच विचारलं. काय पाजलंत ते खरं सांगा, मुळी-बिळी, काढा, भस्म? हवालदार म्हणाला, दूध-तूप. डॉक्टर चिडला. बोकडाच्या पोटात गुर्दे असतात ना, तसे माणसालाही असतात, म्हणाला, आणि तुमच्या पोराचे गुर्दे कशानं तरी जळून गेलेत. ही सूज आहे, सगळं पाणी आहे. कचेरीसमोर मिरजेची मोटार उभी आहे, तिच्यात घालून आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या. जगेल अशी खात्री मी देत नाही. पंधरा दिवस आधी आणायचं होतं.

हवालदार ताठ उभा होता. त्यानं सलाम ठोकला आणि विचारलं, “पर सायेब, वजनात तर बसला न्हवं?”

डॉक्टरनं कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि तो आकारामच्या हातात दिला.

मोटार खरंच समोर उभी होती. कोळशावर चालणारी, धूर सोडत. जागाही होती. हवालदारानं गाडीला बैल जुपले ते बोरवाडीच्या दिशेनं. उद्या नेऊ, म्हणाला, आज एकदा घरला जाऊन येऊ. वेशीत हलगी थांबलीय हे तो बोलला नाही. रस्ताभर आकाराम गाडीत अंथरलेल्या कडब्याच्या धाटांवर पडून होता. एकदा त्यानं कागद उलगडून वाचला आणि परत घडी घातली. बापाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पोराला येत होतं.

दिवस मावळायच्या आत गाडी वेशीत आली. हलगी कडाडली, गुलाल उडाला, कुणीतरी झेंडूची माळ आकारामच्या गळ्यात घातली. बनुबाई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. हवालदार गाडीवर उभा राहिला आणि हात वर करून म्हणाला, एकशे चौदा! लोकांनी आरोळी दिली. तेवढ्यात आकाराम गाडीचा दांडा धरून उठून बसला. आवाज मोठा नव्हता, पण हलगीवाल्यानं त्याचं तोंड बघून हात थांबवला.

“मी नापास हाय,” आकाराम म्हणाला. “आबानं मला मेंढरं फुगवायची मुळी पाजली. रोज पाजली. आता मी मरणार हाय.”

हवालदारानं हात उगारला आणि भर गावासमोर पोराच्या मुस्काडीत मारली. गालावर चार बोटं उठली. ती लाल नव्हती. चार खड्डे पडले होते, सुजलेल्या मांसात, आणि सगळं गाव बघत असताना ते भरून आले नाहीत. बनुबाईच्या हातातलं ताट खाली पडलं.

ती सरळ आदगोंडाच्या दारात गेली. आदगोंडानं लगेच गाडी जुपली, आणि रात्र काढून सकाळी ती पोराला घेऊन मिरजेला पोचली. तिथल्या गोऱ्या डॉक्टरनं पोटातनं बादलीभर पाणी काढलं, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि सांगितलं की घरी न्या, आपल्या माणसांत असू दे. हवालदार मिरजेला गेला नाही. तो घरीच होता. कुणी विचारलं तर सांगायचा की वजनात पास झाला हुता, कागदात चूक हाय.

घरी आणल्यावर चौथ्या दिवशी दुपारी आकारामचा श्वास खोलवर जाऊन अडकायला लागला. सोप्यात घोंगड्यावर त्याला निजवलं होतं. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, आता पाणी घाला तोंडात, बापाच्या हातनं घाला. बनुबाईनं देव्हाऱ्यातली गंगेची कुपी आणि पळी आणून दिली. हवालदार पोराच्या उशाशी बसला. पळीत पाणी घेतलं, वर तुळशीचं पान ठेवलं. थोडं पाणी सांडलं.

“आकाराम,” तो म्हणाला. “तोंड उघड, बाळा.”

आकाराम शुद्धीवर होता. त्यानं डोळे उघडले, पळीकडं बघितलं, बापाच्या हाताकडं बघितलं आणि दात घट्ट आवळले. हवालदारानं पळी ओठांना लावली. पाणी हनुवटीवरनं मानेवर ओघळलं. “उघड रं,” तो पुन्हा म्हणाला, आणि मग रडायला लागला, “एकदा उघड.” आकारामनं मान भिंतीकडं वळवली.

बनुबाई पुढं झाली. तिनं नवऱ्याच्या हातातनं पळी काढून घेतली, पदरानं पोराची हनुवटी पुसली आणि पुन्हा पळी भरली. आकारामनं लगेच तोंड उघडलं आणि पाणी प्याला. हवालदार तिथंच बसून बघत होता, त्याला कुणी उठ म्हणालं नाही.